रोजचे तीन

सिस्टरनी वही उघडून नव्यानं आलेल्या एका बस-ड्रायव्हरच्या बायकोपुढे ठेवली आणि रकान्यांवरून बोट फिरवलं.

"अशी भरायची. बघा, एक दिवस रिकामा नाही, कुठे खाडाखोड नाही. पुरे छप्पन्न दिवस. इतकी नीट वही आमच्याकडे आजवर आली नव्हती." मग त्यांनी समोरच्या खुर्चीतल्या सुनेकडे बघितलं. "दाखवली तर चालेल ना, ताई? नावावर पट्टी चिकटवलीय मी."

सुनेनं मान हलवली. हो म्हणायला जीभ उचलेना.

वही तिच्या सासऱ्यांची होती आणि अक्षर तिचं. सासरे, म्हणजे घरादाराचे अण्णा, खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. खोली लहानशी. भिंतीवर मोठ्या आतड्याचं रंगीत चित्र, कोपऱ्यात वजनकाटा, औषधांच्या पुड्यांचं कुलूपबंद कपाट आणि कपाटाला लागूनच संडासाचं दार. हॉस्पिटलच्या इतर विभागांत ते दार लांब, बोळाच्या टोकाला असतं. इथं मुद्दाम हाताशी ठेवलेलं होतं, कारण इथे येणारे सगळे एकाच दुखण्याचे: मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, रक्त, आणि दिवसभर धावाधाव. त्यांच्यावर एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. निम्म्यांना खरं औषध मिळे, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाच्या पुड्यात काय, हे सिस्टरनाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी रोज संध्याकाळी वहीत लिहायचं: किती वेळा जावं लागलं, रक्त गेलं का, घाई झाली का.

"तुम्हीच समजावून सांगा ना यांना," सिस्टर उठत म्हणाल्या. "आमचं बोलणं पुस्तकी वाटतं लोकांना. मी कोरी वही घेऊन येते." त्या चपला वाजवत बाहेर गेल्या.

सून वहीकडे बघत राहिली. तीन, दोन, चार, तीन, तीन, दोन. गोल, सुबक आकडे. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं तिला, त्याच हाताचे.

आज आठवा आठवडा पुरा होत होता. सकाळी मोठे डॉक्टर दारात उभ्या उभ्या कागद चाळत म्हणाले होते, "गंमत आहे बघा. वही म्हणते, आजोबा सुधारले. आले तेव्हा दहा होते, आता तीन. आणि दुर्बीण म्हणते, जखमा होत्या तशाच, उलट वर सरकल्यात. हिमोग्लोबिन अकराचं नऊ झालंय. दोघांपैकी एक कुणीतरी थापा मारतंय, आणि दुर्बिणीला काही लाज वाटत नाही."

बोलणं थट्टेचंच होतं. ते हसले, सिस्टर हसल्या, अण्णाही मिशीत हसले. मग डॉक्टर गंभीर झाले. नियम वहीवर चालतो, म्हणाले. वहीत सुधारणा नसेल, तर आजपासून खात्रीचं औषध सुरू. सुधारणा असेल, तर आहेत तेच पुडे पुढे. बारा वाजता बसून ठरवू.

तेच पुडे पुढे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की जखमा अशाच वाढत गेल्या तर एखादे दिवशी आतडं काढावं लागतं. अण्णांनी तेव्हा विचारलं होतं, "एक चाक काढून घड्याळ चालतं होय?" चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, दुसरं काय विचारणार. डॉक्टर म्हणाले होते, "चालतं. पण पोटावर पिशवी बांधून." घरी येईपर्यंत अण्णा शर्टाची खालची गुंडी चाचपत होते.

"ताई," ड्रायव्हरची बायको खुर्ची ओढून जवळ आली. तिचा नवरा तपासणीसाठी रक्त द्यायला खाली गेला होता. मांडीवर त्याच्या कागदांची पिशवी, तिचे बंद तिनं मनगटाला गुंडाळले होते. "एक विचारू? रागावू नका. आजोबा तुम्हाला आकडा सांगतात तरी कसा? आमच्या ह्यांना विचारायची सोय नाही. म्हणतात, मी काय बस आहे का, माझ्या फेऱ्या मोजायला?"

सुनेला हसू आलं, आणि आल्या पावली गेलं.

"सांगतात," ती म्हणाली.

सांगत होतेच. रोज संध्याकाळी सात वाजता ती वही घेऊन समोर बसे. लिहायचं तिच्याकडे आलं होतं, कारण ज्या बोटांनी अण्णांनी तिळाएवढे स्क्रू बसवले, त्या बोटांना आता कंप होता. पेन धरलं की रेघ थरथरत कागदाबाहेर जाई. मुलगा नोकरीसाठी परगावी. घरात दोघंच. पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या खोलीत, बंद दाराआड, पुरुषानं पुरुषाला सांगावं तसं अण्णांनी 'दहा' सांगून टाकलं होतं. घरी सुनेपुढे ते जमेना. ते खिडकीकडे बघत आणि म्हणत, "तीन. रक्त नाही. घाई नाही. झालं?"

"झालं," ती म्हणे.

झालेलं काहीच नसे. संडास स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे. त्याची कडी जुनी, लावताना एकदा आणि काढताना एकदा कण्हायची. सून कणीक मळत असली, चहा गाळत असली, तरी कान मोजत असत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत नऊ, दहा, कधी अकरा. नंतर बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज. स्वतःचे कपडे अण्णा हल्ली स्वतः धूत, तिला हात लावू देत नसत. तिनं कधी विचारलं नाही. भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. पण आईला सासरे नव्हते. लग्न होऊन आली तेव्हाच ते भिंतीवरच्या फोटोत होते.

आणि तरी, अण्णांनी सांगितलं ते तिनं लिहिलं असतं, एवढंच झालं असतं, तर ती इतकी मेल्याहून मेली नसती. सांगणारा तो, लिहिणारी मी, असं म्हणून सुटली असती. तिनं पुढचं पाऊल टाकलं होतं.

पहिला आठवडा संपता संपता सिस्टर हसत म्हणाल्या होत्या, "काही जण वही उघडतच नाहीत. इथे यायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत सगळी भरतात. तीन, तीन, तीन, तीन. आम्हाला लगेच कळतं. अशी वही बाद, आणि वहीबरोबर माणूसही." घरी येऊन तिनं बघितलं, तर पहिल्या पानावर सात तीन ओळीनं बसलेले. शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे, एका उंचीचे. अण्णांचं नाव कटलं तर? हे औषध बाहेर अजून कुठे मिळतच नव्हतं. मंगळवारी अण्णा तीन म्हणाले, तिनं दोन लिहिलं. गुरुवारी तीन म्हणाले, तिनं चार लिहिलं. एका रविवारी घरी पाहुणे येऊन गेले, जेवण जड झालं होतं, तर तिनं पाच लिहिलं आणि वही थोडी लांब धरून बघितली. खरं वाटत होतं.

सकाळी अंघोळ झाली की दिव्यापुढे हात जोडून बसायचं आणि मनाशी म्हणायचं, आज खोटं बोलणार नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तो तिनं मोडला नव्हता. बोलत नव्हतीच ती. लिहीत होती. असा कीस तिनं दिव्यापुढे बसूनच काढला होता, आणि तेव्हापासून तिचं बसणं आखडत चाललं होतं. पंधरा मिनिटांचं दहावर आलं, दहाचं पाचावर. हल्ली ती वात सारखी करे आणि उठे.

"तुमचं नशीब मोठं," ड्रायव्हरची बायको म्हणत होती. "आमच्याकडे तोंडाला कुलूप. डेपोत सगळे हसतात म्हणे. मधल्याच थांब्यावर बस उभी करून पळत सुटतात, मागे लोक घंटा बडवतात. घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपतात. एवढा दांडगा माणूस, पण या एका गोष्टीत लहान पोरासारखा. मग मी बापडी काय लिहू? तुमच्यासारखं दोन-तीन-चार लिहून टाकू का? चालेल ना तसं?"

ती अगदी सरळ मनानं विचारत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि पिशवीचे बंद तिनं आणखी एक वेढा देऊन आवळले होते.

सुनेनं वहीवर हात ठेवला. तळव्याखाली तो सगळा आठवडा झाकला गेला.

"माझ्यासारखं लिहू नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमच्या घरी संडासाला कडी आहे ना? वाजते?"

"वाजते म्हणजे? शेजारच्यांना ऐकू जाते."

"मग ती मोजा. तुम्हाला ऐकू येतं ते लिहा. त्यांना विचारूच नका. त्यांनी कमी सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलंच लिहा." तिचा आवाज खाली खाली जात होता. "त्यांना लाज वाटेल म्हणून गप्प बसाल, तर पुढे त्यांचंच आतडं जाईल. आणि तुम्हाला रोज सगळं ऐकू येत होतं, हे तुमच्याजवळ राहील."

खिडकीपाशी वर्तमानपत्राचं पान उलटत होतं, ते अर्ध्यात थांबलं.

ड्रायव्हरच्या बायकोनं एकदा सुनेकडे, एकदा खिडकीकडे बघितलं. एवढी बोलकी बाई, पण तिला कळलं. "मी ह्यांना बघून येते," असं पुटपुटत ती पिशवी उचलून निघाली. दारात सिस्टर आत येत होत्या. कोरी वही त्यांच्याच हातात राहिली.

"समजावलं का?"

सुनेला उत्तर द्यावं लागलं नाही. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"सिस्टर, ती वही इकडे आणा. त्यातले आकडे खोटे आहेत."

सिस्टरनी दार लोटून घेतलं आणि त्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"काय म्हणताय, आजोबा?"

"मी सूनबाईला चुकीचं सांगत होतो. तीन नव्हतेच कधी."

"कधीच?"

"कधीच."

सिस्टरनी वही ओढून घेतली आणि त्या पानं उलटू लागल्या. कपाळावर आठ्या.

"पण मग हे कसं? पहिला आठवडा सोडला तर इथे दोन आहे, इथे चार. या रविवारी पाच. आजोबा, माझी सोळा वर्षं या वह्या वाचण्यात गेलीत. खोटं सांगणारा माणूस रोज एकच आकडा सांगतो. ही वही खोटी असूच शकत नाही. कुणी काही बोललं का तुम्हाला? घाबरलात का?"

त्यांनी वही अण्णांपुढे धरली. अण्णांनी खिशातून चष्मा काढला. हाताच्या कंपामुळे एक काडी कानावर बसायला वेळ लागला. मग ते वाचू लागले. छप्पन्न दिवसांत त्यांनी ही वही एकदाही उघडून बघितली नव्हती. ओठ हलत होते. तीन. दोन. चार. तीन. त्यांनी पान उलटलं. दोन. तीन. पाच.

सून जमिनीकडे बघत होती. फरशीचा एक तुकडा बदललेला होता, रंग जवळपास तोच, पण जुळलेला नव्हता. तिचे कान इतके तापले होते की बाहेरचे आवाज दूर गेल्यासारखे वाटत होते. आता ते विचारतील. सूनबाई, हे काय? सिस्टरसमोर विचारतील, आणि विचारायलाच हवं.

अण्णांनी चष्मा काढला. एकदाच तिच्याकडे बघितलं.

"हो," ते सिस्टरना म्हणाले. "बदलून बदलून सांगायचो. घड्याळजी माणूस मी. काटा एकाच जागी थांबला की गिऱ्हाईक लगेच ओळखतं."

इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना तिनं पाहिलं नव्हतं. रोजचं 'तीन'सुद्धा ते खिडकीकडे तोंड करून म्हणायचे. हे मात्र ते सिस्टरच्या डोळ्यांत बघून म्हणाले, आणि आवाज जराही हलला नाही.

सिस्टरनी मोठा श्वास सोडला. "बरं. मग दुरुस्ती करावी लागेल. खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. जुन्या आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला आजची तारीख आणि ज्यानं चूक केली त्याची सही." त्यांनी पेन पुढे केलं. "आजोबा, सही तुमची. जमेल तशी करा."

अण्णांनी हात पुढे केला. पेनचं टोक हवेत थरथरू लागलं. वही टेबलावर होती, तरी त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

सुनेनं वही आपल्याकडे ओढली.

"ते रोज तीनच सांगायचे," ती म्हणाली. "एकही दिवस दुसरा आकडा सांगितला नाही. दोन, चार, पाच माझे आहेत."

"सूनबाई, तू गप्प बस."

"नाही, अण्णा. तीनसुद्धा माझेच. मला कडी ऐकू यायची. मी तरी लिहीत राहिले."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "अहो, पण आकडे कशासाठी बदलायचे?"

"तुम्ही म्हणाला होतात, सारखे असले की वही बाद करता. आणि माणूसही."

समोर ड्रायव्हरच्या बायकोसाठी आणलेली कोरी वही होती. तिचं वरचं पान सिस्टरनी उगाच सरळ केलं.

"ते मी सगळ्यांना सांगते," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात. हसवायला म्हणून."

बाहेर कुणीतरी वजनकाटा मागायला आलं, दार उघडून तिघांना बघितलं आणि परत गेलं.

मग सिस्टर पुन्हा कामावर आल्या. जे झालं ते डॉक्टरांना सांगावंच लागेल, म्हणाल्या. अभ्यासात अण्णांचं नाव राहील की जाईल, ते डॉक्टर ठरवतील, त्यांच्या वरचे ठरवतील. कदाचित राहणार नाही. पण ते पुडे आजपासून बंद, एवढं त्या स्वतः सांगू शकत होत्या. पुढचं औषध कुठलं, ते बारा वाजता कळेल.

"कालचा आकडा द्या आधी. खरा."

"नऊ," अण्णा म्हणाले.

सुनेच्या हातात पेन होतं. तिनं ते कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"अकरा," ती म्हणाली.

अण्णांच्या मिशीचं टोक एकदा हललं.

"पहाटेचे दोन धरले नव्हते मी," ते म्हणाले. "अकरा लिही."

तिनं कालच्या तीनवर एक रेघ मारली. बाजूला अकरा लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग परवाच्या दोनवर. मग त्याच्या आदल्या दिवसाच्या चारवर, तिथं मात्र पेन अडलं. त्या दिवशी कडी किती वेळा वाजली ते तिला आठवेना. सिस्टर म्हणाल्या, आठवत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा. तिनं लिहिलं. पुढच्या ओळीतही तेच लिहिलं. एका ओळीत, पुढे दुसऱ्या, तिसऱ्या. ते दोन शब्द प्रत्येक वेळी लिहायला आकड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता, आणि प्रत्येकाशेजारी तिची सही होती. अक्षर सुबकच येत होतं, त्याचीही तिला लाज वाटली.

ती दुसऱ्या पानावर आली तेव्हा अण्णा खुर्चीचे हात धरून उठले. घाईनंच उठले. एरवी अशा वेळी ते घसा खाकरत, वर्तमानपत्र शोधत, खिडकी लावायला उठल्यासारखं करत, आणि मग हळूच नाहीसे होत. कपाटाशेजारच्या त्या दारापर्यंत चार पावलं होती. ती त्यांनी सरळ टाकली. दाराला हात लावून ते वळले. खोलीत सिस्टर होत्या. बाहेरचं दार अर्धं उघडं होतं आणि बाकावर चार-पाच माणसं बसलेली होती. आवाज खाली न आणता ते म्हणाले,

"सकाळपासून हा सातवा. लिहून ठेव, सूनबाई. आणि रक्त आहे."

कडी आतून लागली.

तिनं पान उलटून आजची तारीख काढली.